हवेच्या गादीला घातलेला टाका

लिहून ठेवणार: मी. गल्लीत मला गादीवाली आजी म्हणतात आणि एवढ्याच पत्त्यावर माझी पत्रे येतात, तेव्हा तेवढे पुरे. धंदा: कापसाच्या गाद्या, उशा आणि लोड भरून शिवणे. अक्षरओळख नाही. मी तोंडाने सांगते आहे आणि कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारे दस्तलेखक, ज्यांना मी लेखनिकभाऊ म्हणते, ते माझ्या दुकानात येऊन लिहीत आहेत. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीरही आहे, गुडघे आणि कंबर सोडून. कोणी मला दमदाटी केलेली नाही, फूस लावलेली नाही. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि रागाने करीत आहे. लेखनिकभाऊ म्हणतात, "आजी, 'रागाने' हा शब्द दस्तात बसत नाही." मी म्हणते, बसवा. खरा आहे.

मला काही झालेले नाही. झाले आहे ते माझ्या नवऱ्याला. पण हल्ली या घरात एकाच माणसाला विचारले जाते की तुमची इच्छा काय, तुम्हाला काय हवे, कशाने बरे वाटेल. विचारायला सिस्टर येते, शेजारी बसते, हातात हात घेते. मलाही इच्छा आहेत. मला विचारणारे कोणी नाही, म्हणून मी या लेखनिकभाऊंना कामाला लावून लिहून घेते आहे.

कलम पहिले. घर.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर गच्ची, असे हे घर माझ्या नावावर आहे. घेताना म्हातारा, म्हणजे माझा नवरा, म्हणाला होता, "माझ्या छातीचा भरवसा नाही, तुझ्या नावावर असू दे." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी भांडणे जिंकली. माझ्यामागे घर मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. मुलगी लांब असते आणि फोनवर रडते, तरी निम्मे. मुलगा जवळ असतो आणि रडवतो, तरी निम्मेच.

मात्र म्हातारा आहे तोवर दुकानाच्या खोलीतून त्याला कोणी हलवू नये. त्याची खाट तिथे आहे. दार उघडले की त्याला रस्ता दिसतो, आणि रस्त्याला तो दिसतो. जाणारे येणारे हात करतात. मुलाच्या मनात त्याला मोठ्या हॉस्पिटलात ठेवायचे आहे, नळ्या लावून. म्हाताऱ्याने सिस्टरला सांगितले आहे की नळ्या नकोत, दार हवे. सिस्टरने ते डॉक्टरांना सांगितले, डॉक्टरांनी मुलाला सांगितले, मुलाने मला सांगितले. माझ्याच नवऱ्याची इच्छा माझ्यापर्यंत तीन घरे फिरून आली. तरी ती पाळावी.

कलम दुसरे. डबल गादी.

ही आम्ही दोघांनी मिळून भरलेली पहिली गादी. विकायला भरली होती. गिऱ्हाईक फिरकले नाही, तेव्हा आम्हीच तिच्यावर झोपलो आणि पुढे जन्मभर झोपत राहिलो. दर थोड्या वर्षांनी उसवायची, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायची. खोळ बदलत गेली, कापूस तोच. डावीकडे त्याचा खड्डा, उजवीकडे माझा, आणि मध्ये उंचवटा. भांडण झाले की तो उंचवटा कामी येई आणि मिटले की आड येई.

सिस्टरने हॉस्पिटलसारखी खाट आणवली तेव्हापासून ही गादी गुंडाळून भिंतीशी उभी आहे, ओणवे उभे केलेल्या पोरासारखी. मी मागच्या खोलीत सतरंजीवर झोपते. मी एकटी त्या गादीवर झोपणार नाही. माझ्यामागे ती कोणाला देऊ नये, विकू नये, उसवू तर मुळीच नये. मुलाच्या दुकानात 'जुनी द्या, नवी न्या' असे काहीतरी चालते. तिथे ती दिसली तर मी परत येईन.

मुलाचे दुकान म्हणजे फोमच्या गाद्यांची शोरूम. माझ्या पोटचा पोरगा फोम विकतो. काचेवर त्याने लिहिले आहे की कापसाची गादी पाठ बिघडवते. आईला वाचता येत नाही, म्हणजे कळणार नाही, असे त्याला वाटले. सुनेने वाचून दाखवले. सून गुणी आहे. तिचे कलम पुढे येते.

कलम तिसरे. नवरा.

माझा नवरा ही माझी स्वकष्टार्जित मालमत्ता आहे.

लेखनिकभाऊंनी इथे पेन खाली ठेवले. म्हणाले, "आजी, माणूस कोणाची मालमत्ता नसतो." मी म्हटले, "तुमचं लग्न झालंय का?" ते म्हणाले, "झालंय." "मग लिहा."

म्हातारा कापूस पिंजायचा आणि मी शिवायची. त्याच्या भुवया, मिशी, कानातले केस, सगळे कायम पांढरे. तरुणपणीच म्हातारा दिसायचा, तेव्हापासून म्हातारा हेच नाव पडले. कापसाने आम्हाला पोसले आणि कापसाच्या त्या धुळीनेच त्याची छाती खाल्ली. आता चार पावले चालला तरी बुडत्या माणसासारखा तोंड वर करून हवा ओढतो. छातीचे डॉक्टर म्हणाले, फुप्फुसे परत चांगली होणार नाहीत. आणि त्यांनी या सिस्टरला घरी पाठवले. तिच्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा मुलाने मला दारामागे ओढून कानात सांगितले, "आई, ही बाई आली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. ही शेवटी येते."

सिस्टरचे कान तिखट. ती म्हणाली, "दादा, आजार जाणार नाही हे खरं आहे, मी खोटं सांगणार नाही. पण त्याचा जाच कमी करता येतो. आणि ते काम शेवटाची वाट बघत करायचं नसतं, आत्ता करायचं असतं. छातीच्या डॉक्टरांची औषधं चालूच राहतील. मी त्यांच्या जागी नाही आले, त्यांच्या जोडीला आलेय."

मग तिने एक लहानसा पंखा काढला आणि म्हाताऱ्याच्या तोंडासमोर धरला. उशा पुढे रचून त्याला त्यांच्यावर ओणवा बसवला, दुकानाच्या गल्ल्यावर हिशेबाला टेकायचा तसा. श्वास सोडताना ओठ कसे शीळ घातल्यासारखे करायचे ते दाखवले. म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. मी किती दिवसांनी त्याचे खांदे खाली आलेले पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला. पण त्याआधी पोटात दुखले, ते का खोटे सांगू? उशा माझ्या, नवरा माझा, आणि रचल्या हिने.

पुढे तिने बाटलीतले औषध आणले. त्यात मॉर्फिन आहे कळल्यावर मुलगा उसळला. "अप्पांना नशेला लावताय?"

"अगदी थोडं आहे, दादा. श्वासाची घुसमट कमी वाटावी म्हणून. मोजून द्यायचं, मी सांगते तेवढंच, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. याने ते झिंगणार नाहीत, आणि त्यांचं मरणही अलीकडे येणार नाही. पोट तेवढं साफ होत नाही, म्हणून त्याचंही औषध जोडीला देतेय."

चार दिवसांनी म्हातारा दाराशी खुर्चीत बसून समोरच्या शिंप्याला म्हणत होता, "कॉलर वाकडी लावलीस." म्हणजे गुण आला.

मग मला राग कशाचा? राग त्या दाराचा. सिस्टर आली की थोडा वेळ म्हातारा म्हणतो, "जरा दार लावून घ्या." आत ते दोघे. बाहेर मी. इतक्या वर्षांत या माणसाने माझ्यापाशी मन मोकळे केले नाही. "कसं वाटतंय?" विचारले तर "ठीक" आणि "काय हवंय?" विचारले तर "काही नाही", या दोन शब्दांवर त्याने माझा संसार उरकला. आणि कालची आलेली बाई, डोक्यावर हेल्मेट, पायात पांढरे बूट, तिच्याशी दार लावून गुजगोष्टी. आतून हसण्याचा आवाजही येतो. मी कान लावला नाही. दाराला फट नाही.

म्हणून या कलमाने ठरवते की माझ्या नवऱ्याचा ताबा माझ्या हयातीत माझ्याकडे आणि माझ्यामागे सुनेकडे राहील. सिस्टरकडे नाही.

कलम चौथे. हवेची गादी.

हे कलम वस्तूचे नाही, वैराचे आहे. माझी सरळ, जाड, नव्या कापसाची गादी त्या खाटेवर घातली होती. महिनाभरात सिस्टरने ती काढून रबराची हवेची गादी घातली. तिला मोटर आहे. कप्पे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे पाठीला एकाच जागी दाब पडून जखम होत नाही. दिवसभर घुर्र घुर्र. जन्मभर गाद्या शिवणारीचा नवरा रबरावर! गल्लीत मी काय तोंड दाखवू? "सगळ्या गावाला झोपवलं आणि घरच्याला टायर दिला," असे समोरचा शिंपी बोललाच.

काल दुपारी म्हातारा दाराशी खुर्चीत होता. मी चादर बदलायला घेतली. रबरावर चादर ठरेना, सारखी घसरे. हाताला जे माहीत तेच हात करतो. गादीला टाका नाही म्हणजे ती गादी नव्हे, नुसते पोते. मी लांब सुई ओवली आणि बरोबर मधोमध, चादरीसकट, आरपार टाका घातला.

गादीने असा सुस्कारा सोडला की तसा मी सासूच्या तोंडूनही कधी ऐकला नव्हता. मग ती हळूहळू खाली बसली. मोटर मात्र बिचारी घुरघुरत राहिली.

म्हाताऱ्याने मान वळवून पाहिले. मी सुई हातात धरून उभी. आणि तो हसायला लागला. त्याला हसू परवडत नाही, श्वास पुरत नाही, तरी हसला. मी पंखा धरला, पाठ चोळली. दम परत आल्यावर म्हणाला, "टाका... सुबक आलाय."

सून कपाळावर हात मारून सिस्टरला फोन करायला गेली. मुलगा म्हणाला, "आई, तू मुद्दाम केलंस." मी केले नाही. सुईने केले असेल तर सुईला विचारा.

(इथवर सांगून झाले तोच दारात स्कूटर थांबली. सिस्टर नवी गादी घेऊन आली. म्हातारा म्हणाला, जरा दार लावून घ्या. दुकानातून मला आणि लेखनिकभाऊंना दोघांनाही बाहेर काढण्यात आले. आम्ही स्वयंपाकघरात बसून चहा प्यायलो. लेखनिकभाऊ म्हणाले की त्यांच्या धंद्यात असा प्रसंग पहिलाच. पुढचे तीन दिवसांनी सांगितले आहे, ते जसे घडले तसे लिहावे.)

त्या दिवशी दार उघडले आणि सिस्टर म्हणाली, "आजी, आत या. आजोबांना तुमच्याशी बोलायचंय. त्यांना एका दमात जमणार नाही म्हणून मी थांबते."

मी म्हटले, "माझ्या नवऱ्याशी बोलायला मला तुमची परवानगी लागते होय?"

"नाही आजी. त्यांना तुमची भीती वाटते."

म्हाताऱ्याने डोळे मिटून मान हलवली. हो म्हणून. मग एकेक शब्द वेचत बोलला. "ती गादी... मी मागितली. सिस्टरने नाही."

"का? माझ्या गादीत काय खडे होते?"

"तू उठतेस. मला कुशीवर वळवायला. भिंतीला हात लावत येतेस. मी बघतो. तुझी कंबर..." इथे थांबून त्याने हवा घेतली. "कापसाच्या गादीवर मला सारखं वळवावं लागतं. हिच्यावर कमी."

"मग मला सांगायचं."

"ऐकलं असतंस?"

नसते ऐकले. त्याचे बरोबर निघते असे फार क्वचित होते, म्हणून इथे नोंद करून ठेवते.

मी सिस्टरला म्हटले, "ठीक. गादी त्यांची. खाट त्यांची. पंखा, औषध, दार, सगळं त्यांचं. माझी जागा कुठेय? मी सतरंजीवर, तेही मागच्या खोलीत. लग्न झाल्यापासून या माणसाचं घोरणं ऐकल्याशिवाय मला झोप लागत नाही, आणि तुम्ही त्याला भिंतीपलीकडे नेऊन ठेवलंत."

सिस्टर माझ्याकडे वळली. "आजी, तुमची जागा खाटेजवळ नको असं कोणी सांगितलं?"

मी सुनेकडे पाहिले. सुनेने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, "पेशंटची खाट मोकळी ठेवायची असते ना? हॉस्पिटलात तशीच असते."

"हे हॉस्पिटल नाही, दादा. हे यांचं घर आहे. एका बाजूने मला उभं राहायला जागा ठेवा, मोटरची वायर त्याच बाजूला. दुसऱ्या बाजूला आजींचा पलंग लावा. उंची सारखी हवी, म्हणजे रात्री हात पोचतो." आणि मग, तिची सवय आहे तसे, पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली, "आणि तुम्ही कशा आहात, आजी?"

वर पहिल्या पानावर मी लिहवले आहे की मला विचारणारे कोणी नाही. ते वाक्य खोडू नये, पण त्याच्याखाली लिहावे की ही बाई दर वेळी जाताना मला हे विचारत होती. मी दर वेळी म्हणत होते, "मला काय धाड भरलीय?" त्या दिवशी मी म्हटले, "कंबर दुखते. आणि भीती वाटते." तिने पर्स खाली ठेवली आणि बसली. तिने कंबरेला शेक सांगितला. भीतीला तिने काही सांगितले नाही, नुसते ऐकले. सुनेला म्हणाली, "माझ्या फेरीत आजीही आहेत, नुसते आजोबा नाहीत."

तेव्हा आता पुढीलप्रमाणे बदल करीत आहे.

कलम दुसरे रद्द समजावे. डबल गादी आता अस्तित्वात नाही. ती मी आणि सुनेने मिळून दुकानाच्या उंबऱ्याशी उसवली. कापूस उन्हात टाकला. पिंजायला म्हाताऱ्याच्या छातीपासून लांब, गच्चीवर नेला. मुलगा तोंडाला फडके बांधून पिंजत होता. फोमवाला! त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या तेव्हा अगदी बापासारखा दिसला, आणि तो खाली आल्यावर दारातून बापाने ते पाहिले. त्या कापसाची सिंगल गादी भरली, पलंगावर टाकली की खाटेच्या उंचीला येईल अशी जाड. उरलेल्याच्या दोन उशा झाल्या. टाके मी घातले, आणि या गादीने सुस्कारा सोडला नाही.

आता तो रबरावर आणि मी कापसावर, शेजारी शेजारी. मध्ये उंचवटा नाही, फट आहे. हात पोचतो. मोटर घुरघुरते, तोही घुरघुरतो. कोणाचे कोणते ते मला ओळखू येते.

कलम पाचवे. हत्यारे.

लांब सुई, कातरी आणि शिवताना बोटात घालायची अंगुस्ताने सुनेला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे, हे मी जिवंतपणी बोलणार नव्हते, म्हणून इथे. कापूस पिंजायची कमान मुलाला; त्याने ती शोरूममध्ये काचेसमोर टांगावी आणि काचेवरचे ते वाक्य पुसावे. बँकेतली ठेव म्हातारा आहे तोवर त्याच्या औषधाला, आणि उरेल ते मुलीला, म्हणजे ती फोनवर रडण्याऐवजी तिकीट काढून येऊन रडेल.

कलम सहावे. सिस्टर.

ती दिवसभर स्कूटरवर घरोघर फिरते. तिची सीट मी हाताने दाबून पाहिली आहे. फळीसारखी आहे. तिच्यासाठी स्कूटरच्या सीटवर बांधायची एक छोटी गादी मी भरून ठेवली आहे. मध्यम भरली आहे. फार मऊ नाही. इतकेही माझे मन मोठे झालेले नाही. आम्हाला पेशंटकडून काही घेता येत नाही, असे ती म्हणते. मेलेल्या बाईला नाही म्हणून दाखव म्हणावे.

दार लावून म्हातारा तिच्याशी आणखी काय बोलतो ते मी तिला विचारले. तिने सांगितले नाही. "ते त्यांचं आहे, आजी," म्हणाली. म्हाताऱ्याला विचारले. तो म्हणाला, "ठीक." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्याचाही नाही आणि माझाही नाही. मी अजून जळते. हे लिहून घेताना, तो ऐकतो आहे हे ठाऊक असूनही, जळते.

कलम सातवे आणि शेवटचे. माझी इच्छा.

माझी वेळ येईल, आज ना उद्या, ज्या कशाने येईल त्याने, तेव्हा पॅलिएटिव्हची हीच सिस्टर यावी. हातपाय गळेपर्यंत वाट पाहू नये, लवकर बोलवावी. मला याच खोलीत, दार उघडे ठेवून, माझ्याच गादीवर ठेवावे. रबर लागलेच तर लावावे, मी टाका घालणार नाही असे वचन देते. दुखणे अंगावर काढायला लावू नये. माझ्याशी खोटे बोलू नये.

आणि सिस्टर आली की थोडा वेळ दार लावून घ्यावे. आत फक्त ती आणि मी. मी काय बोलले ते तिने मुलाला सांगू नये, सुनेला सांगू नये, आणि म्हाताऱ्याला तर मुळीच नाही. तो तेव्हा दाराबाहेर असेल तर दाराबाहेर, आणि वर असेल तर वर. जिथे असेल तिथे कान लावून बसू दे त्याला. जळू दे जरा.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले, दोन ठिकाणी दुरुस्त केले आणि बरोबर आहे म्हणून डाव्या अंगठ्याची निशाणी केली आहे.

निशाणी: गादीवाली आजी.

साक्षीदार: समोरचा शिंपी. टायरचा शब्द त्याने मागे घेतला, तेव्हाच सहीला बसू दिले.

साक्षीदार: निवृत्त पोस्टमनबाई. नुसत्या टोपणनावावरची पत्रे याच आणून देत.

लिहिणार: दस्तलेखक. सांगितले तसे लिहिले, वाद घातला तिथे हरलो.

ठिकाण: दुकानाची खोली, दोन पलंगांच्या फटीशी. दिनांक: माझी सिंगल गादी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, म्हातारा झोपल्याचे सोंग घेऊन ऐकत असताना.